उपग्रहाच्या कक्षेचं गणित: या चुका टाळा

उंची म्हणजे त्रिज्या नव्हे. सांगून सांगून तोंड दुखलं, तरी प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी उपग्रहाची ४०० किमी उंची थेट २πr मध्ये घालतं आणि मोकळं होतं. वर्तुळाचं केंद्र पृथ्वीच्या पोटात असतं. त्रिज्या ६,३७१ अधिक ४००, म्हणजे ६,७७१ किमी; एका फेरीचं अंतर सुमारे ४२,५४३ किमी.

एका हुशार पोरानं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा वेग काढून आणला: ताशी १,६३२ किमी. त्रिज्या ४००, परीघ २,५१३, फेरीला ९२.४ मिनिटं. मी विचारलं, विषुववृत्तावरची जमीन किती वेगानं फिरते? ताशी सुमारे १,६७०. म्हणजे तुझं स्थानक जमिनीच्याही मागे पडतंय! गडी हटेना. फेरीची वेळच चुकली असणार म्हणून इंटरनेटवर दुसरा आकडा शोधत बसला. शेवटी वही पुढे सरकवली, म्हटलं आकृती काढ. केंद्रापासून कक्षेकडे रेघ ओढताना पृथ्वीच्या कडेपाशी पेन थबकलं. मग ताशी २७,६०० च्या आसपास उत्तर आलं. आधी सूत्र शोधायची घाई असलेल्यांना मी मदत करतो, पण कुरकुरत.

दुसरी नावडती चूक अंशांची. कंसाची लांबी rθ, पण θ, म्हणजे केंद्रापाशीचा कोन, रेडियनमध्ये (अख्खी फेरी ३६० अंश, म्हणजे २π रेडियन). ३० अंश तसेच घातले की कंस दोन लाख किमीच्या वर जातो, अख्ख्या परिघाच्या जवळपास पाचपट! तरी उत्तराखाली दोन रेघा मारून लोक पुढे. मी रेडियनच्या भानगडीत पडतच नाही: ३० भागिले ३६०, गुणिले परीघ. ३,५४५ किमी.

जीवा आणि कंस एक नव्हेत; इथे फरक ४० किमीचा, मोठ्या कोनाला फार.

भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहाचे ३५,७८६ किमी जमिनीपासूनचे, ४२,१६४ केंद्रापासूनचे. तो विषुववृत्तावर असतो, म्हणून तिथे सरासरी ६,३७१ नव्हे, विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ जोडा. फेरीही २४ तासांची नाही, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची; ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक गिरकी तेवढ्याच वेळाची.

कक्षा ठळक लंबवर्तुळाकार असेल तर हे सगळं बाजूला ठेवा.

क्षितिजावरच्या उपग्रहाचं अंतर काढताना काटकोन कुठे आहे ते आधी बघा. स्पर्शिका त्रिज्येला लंब, म्हणून तो निरीक्षकापाशी. ६,७७१ चा वर्ग वजा ६,३७१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २,२९३ किमी. घाईत काटकोन केंद्रापाशी मांडला की ९,२९७ येतात, आणि ती रेघ पृथ्वीला आरपार छेदून जाते.