सीएफए लेव्हल वन: उसना कॅल्क्युलेटर घेऊन परीक्षेला बसू नका

सीएफए, म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट या गुंतवणूक क्षेत्रातल्या परीक्षेला (लेव्हल वन हा तिचा पहिला टप्पा) दोनच कॅल्क्युलेटर चालतात हे तुम्हाला माहीत असेलच: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस आणि एचपीचा ट्वेल्व्ह-सी. त्यांची प्रोफेशनल, प्लॅटिनम ही भावंडंही चालतात. सीएच्या अभ्यासातला बारा अंकी किंवा कॅसिओचा फायनान्शियल चालत नाही.

ट्वेल्व्ह-सी १९८१ पासूनचा आहे. त्याला 'बरोबर'चं बटणच नाही. आधी दोन्ही आकडे द्यायचे, मग बेरीज की गुणाकार ते सांगायचं. आधीपासून हात बसलेला असेल तरच तो घ्या. बाकीच्यांनी साधा बीए टू प्लस घ्यावा, लेव्हल वनला तो पुरतो. पुढे एफआरएम (फायनान्शियल रिस्क मॅनेजरची परीक्षा) करायचं ठरलं तर तिथेही चालतो.

आता मी कुठे फसले ते सांगते. मी ठाण्यात राहते, नोकरी ऐरोलीला. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये बॅगेवर कॅल्क्युलेटर ठेवून सहा महिने गणितं केली. परीक्षेला दोन दिवस उरले आणि पीएमटीचं, म्हणजे हप्त्याचं बटण दाबलं जाईना. ऑफिसातल्या एका ताईंनी लगेच स्वतःचा कॅल्क्युलेटर दिला. मॉडेल तेच, त्यामुळे मी निर्धास्त. ताई लीजचं काम बघतात. लीजचा हप्ता बहुतेक वेळा मुदतीच्या सुरुवातीला भरायचा असतो, म्हणून त्यांनी मशीन बीजीएनवर ठेवलं होतं. मी ते पाहिलंच नाही.

बीजीएन म्हणजे हप्ता वर्षाच्या सुरुवातीला, एंड म्हणजे वर्षअखेर. वर्षाला १०,००० रुपये, ५ वर्षं, दर १० टक्के, तर आजची किंमत किती? एंडवर ३७,९०७.८७ येतात. बीजीएनवर ४१,६९८.६५. दुसरा आकडाही अगदी खरा वाटतो, मशीन कुठलीही एरर दाखवत नाही, आणि तीन पर्यायांत तो आकडा नेमका बसलेला असू शकतो. माझ्या बाबतीत एकदा तसंच झालं, आणि उत्तर जुळल्याच्या आनंदात मी पुढे गेले. दोन सत्रं, प्रत्येकात ९० प्रश्न, सव्वादोन तास, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. पुन्हा तपासायला वेळ कुठला?

सीएलआर टीव्हीएम मी प्रत्येक गणिताआधी दाबत होते. त्याने आकडे पुसले जातात, बीजीएन तसंच राहतं. मशीन बंद करून चालू केलं तरी राहतं. स्क्रीनवर वरच्या बाजूला बीजीएन ही बारीक अक्षरं दिसतात. मला ती दुसऱ्या सत्रात दिसली. हात गार पडले.

त्या वेळी मी नापास झाले. एवढ्याचमुळे झाले का, हे कळायला मार्ग नाही, पण ती रुखरुख अजून गेलेली नाही. ताईंचा काहीच दोष नव्हता.

म्हणून दुसऱ्याचं किंवा जुनं मशीन घ्यावंच लागलं, तर आधी रिसेट करा: सेकंड, मग अधिक-उणे चिन्हाचं बटण, मग एंटर. पीवाय, म्हणजे वर्षातले हप्ते, १ आहे का ते बघा. फॉरमॅटमध्ये जाऊन दशांश ९ करा आणि चेनऐवजी (ओळीने येईल तसं गणित) एओएस (आधी गुणाकार, मग बेरीज) निवडा. दोन अधिक तीन गुणिले चार करून पाहा. १४ यायला हवेत, २० आले तर मशीन अजून चेनवर आहे.

घाबरू नका, ही सवय आठवड्याभरात लागते. मात्र 'बटणांचे शॉर्टकट शेवटच्या महिन्यात शिकवू' म्हणणाऱ्या क्लासवर मुळीच विसंबू नका. बटणं पहिल्या दिवसापासून हातात बसायला हवीत. आयवाय, म्हणजे व्याजदर काढताना एरर ५ आली की पीव्हीला, म्हणजे आजच्या किमतीला उणे चिन्ह द्यायचं राहिलंय, हे विचार न करता सुचलं पाहिजे.

सेल सीआर २०३२ लागतो, घड्याळवाल्याकडे मिळतो. परीक्षेच्या आठवडाभर आधी बदला, आदल्या रात्री नको. सेल काढला की सगळी सेटिंग मूळ जागी जातात, दशांश पुन्हा दोनवर आणि एओएसचं पुन्हा चेन.