संस्था ‘सापडत’ नाही : स्थापनेच्या इंग्रजी शब्दांत या चुका टाळा

संस्था काय हरवली होती, की ती कुणाला सापडावी? तरीही इंग्रजी मजकूर तपासायला आला की पहिल्याच पानावर ‘वॉज फाउंड इन’ आणि पुढे स्थापनेचं साल, हे ठरलेलंच.

‘फाइंड’ म्हणजे सापडणं, त्याचा भूतकाळ ‘फाउंड’. हा जुन्या इंग्रजीतला, जर्मॅनिक घराण्यातला शब्द. स्थापन करणं या अर्थाचा ‘फाउंड’ अगदी वेगळा. लॅटिनमध्ये ‘फुंडुस’ म्हणजे तळ, बूड. त्यावरून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. पाया घालणं हा त्याचा मूळ भाव आणि त्याचा भूतकाळ ‘फाउंडेड’. दोघांचं स्पेलिंग जुळलं हा निव्वळ योगायोग.

एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी ही दुरुस्ती करून दिली होती. छपाईच्या आदल्या दिवशी तिथल्या एका उत्साही कार्यकर्त्यानं ती परत फिरवली. ‘फाउंड’ हा आधीच भूतकाळ, त्याला आणखी ‘ईडी’ कशाला, हा त्याचा युक्तिवाद. शिवाय संगणकानं लाल रेघ ओढली नाही, म्हणजे बरोबरच! ओढणार कशी? दोन्ही शब्द कोशात आहेत. स्मरणिका तशीच निघाली आणि तिच्यावरून प्रवेशद्वाराची संगमरवरी पाटीही कोरली गेली. स्मरणिकेला शुद्धिपत्र तरी जोडता येतं.

माझी सवय सांगतो. ‘फाउंड’ दिसला की तिथे ‘सापडली’ घालून वाक्य मोठ्यानं वाचायचं. हसू आलं की ‘ईडी’ लावायचं.

दुसरा घोळ ‘इन्कॉर्पोरेटेड’चा. शब्द वजनदार वाटतो म्हणून लोक ‘सुरू झाली’ या अर्थानं तो ठोकून देतात. लॅटिन ‘कॉर्पुस’ म्हणजे शरीर. कायद्याच्या नजरेत संस्थेला स्वतंत्र देह मिळणं म्हणजे इन्कॉर्पोरेट होणं. लंडनची रॉयल सोसायटी घ्या. क्रिस्टोफर रेनच्या व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींनी ती स्थापन करायचं ठरवलं १६६० मध्ये, दुसऱ्या चार्ल्स राजाची सनद मिळाली १६६२ मध्ये. म्हणजे ‘फाउंडेड’ १६६०, ‘इन्कॉर्पोरेटेड’ १६६२. अमेरिकेतल्या एमआयटीला सनद १८६१ ची, पण वर्ग भरले १८६५ मध्ये. वर्धापनदिन कुठला धरायचा यावर समित्यांमध्ये भांडणं होतात ती अशाच तारखांवरून. नोंदणीचा कागद हाती घेतल्याशिवाय मी हा शब्द लिहीत नाही.

‘वेल-फाउंडेड कंपनी’ असंही लिहू नका. नावाजलेली, पाय रोवलेली कंपनी ‘वेल-एस्टॅब्लिश्ड’ असते. ‘वेल-फाउंडेड’ असतात त्या शंका, भीती, आरोप. ‘एस्टॅब्लिश’च्या मुळाशी ‘स्ताबिलिस’, म्हणजे स्थिर. त्याच कुळातला लॅटिन ‘स्ताबुलुम’ ग्रीक, अरबी, फारसी करत आपल्याकडे ‘अस्तबल’ होऊन आला, हे जाता जाता.

‘इन्स्टिट्यूट’ क्रियापद म्हणून नियम, चौकशी, खटला यांच्यासाठी ठेवा. दुकान इन्स्टिट्यूट करू नका.

‘कॉन्स्टिट्यूट’ समितीसाठी ठीक.

‘एस्टॅब्लिश’, ‘इन्स्टिट्यूट’, ‘कॉन्स्टिट्यूट’ या तिन्ही शब्दांमागे लॅटिन ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं आहे. आपल्या ‘स्था’ धातूचा तो सख्खा भाऊ, म्हणून ‘संस्था’ आणि ‘स्थापना’ त्यांच्या नात्यातल्याच. पण नातं आहे म्हणून कुणालाही कुणाच्या जागी बसवायचं नसतं. समानार्थी शब्दांची यादी उघडून त्यातला सर्वांत लांब शब्द उचलणारे घाईवाले हेच करतात. खरं तर निम्म्या ठिकाणी साधं ‘सेट अप’ पुरतं. त्यात कमीपणा कसला?

‘फाउंडर’ क्रियापद म्हणून आलं तर जहाज बुडतंय. तेही त्याच ‘फुंडुस’ला, तळाला जातंय. ‘फाउंड्री’ मात्र त्या घरातली नाही. ती ओतणं या अर्थाच्या ‘फुंडेरे’वरून आली.

आणि ‘इनॉग्युरेट’ म्हणजे स्थापना नव्हे, उद्घाटन. रोममध्ये पक्ष्यांवरून शकुन पाहणाऱ्या ‘ऑगुर’ पुरोहितांवरून तो शब्द आला. आधी संस्था स्थापन होऊ द्या, फीत नंतर कापा.