पऱ्यावर वनराई बंधारा घालताना

कोकणात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही एप्रिलात विहिरी तळ गाठतात, कारण जांभ्या दगडातून पाणी झिरपून निघून जातं. त्यात मे महिन्यात चाकरमानी आणि पर्यटक आले की उपसा वाढतो. पऱ्याची (लहान ओढ्याची) धार वनराई बंधाऱ्याने, म्हणजे माती भरलेल्या गोणींच्या तात्पुरत्या बांधाने, वेळेत अडवली, तर काठच्या विहिरींची पातळी जास्त दिवस टिकते.

भातकापणी उरकून परतीचा पाऊस थांबला की कामाला लागा. घाई केली तर एका मोठ्या सरीत बंधारा वाहून जातो. जानेवारी उलटला तर अडवायला पाणीच उरत नाही. जागा अरुंद, दोन्ही काठ उंच आणि वरच्या अंगाला उतार कमी असलेली निवडा. भेगाळलेला कातळ टाळा.

15 फूट रुंद पऱ्यावर 3 फूट उंचीसाठी सिमेंटच्या सव्वादोनशे रिकाम्या गोणी लागतात. गोणी मातीने दोन-तृतीयांशच भरा आणि दाभणाने सुतळीची शिवण घाला. ठासून भरलेली गोणी गोल होते, शेजारच्या गोणीला चिकटून बसत नाही.

तळातली वाळू-पालापाचोळा काढून घट्ट थर लागेपर्यंत चर खणा. दोन्ही काठांतही दीड-दीड फूट खाच घ्या. बहुतेक बंधारे काठाकडूनच फुटतात, तेव्हा इथे आळस नको. मग गोणींच्या दोन भिंती फूटभर अंतराने, विटांसारखे सांधे मोडत रचा. प्रत्येक थरागणिक मधल्या पोकळीत ओली चिकणमाती टाकून पायाने तुडवा. पाणी अडतं ते या मातीमुळे. गोणी फक्त तिला आधार देतात. वरचा थर मधोमध पाच फूट मोकळा सोडा, म्हणजे जादा पाणी तिथूनच जाईल. ते पडतं तिथे मोठे दगड पसरा, नाहीतर पायाखालची माती उकरली जाते.

पाणी साठलं की वरच्या बाजूला मूठभर भाताचं तूस सोडा. ते जिथे गोळा होऊन आत ओढलं जातं, तिथे गळती. चिकणमातीचा गोळा तिथेच, पाण्याच्या बाजूने दाबा. दाबाने तो घट्ट बसतो. खालून लावलेला गोळा पाणी ढकलून देतं.

उन्हाने गोणींचा भुगा होतो, म्हणून उघड्या बाजूवर माती लिंपून झावळ्या टाका. साठ्यात थेट पंप सोडू नका, जिरायला पाणी राहू द्या.

मृगाआधी, मेअखेरीस, सगळ्या गोणी काढा. राहिल्या तर पहिल्या लोंढ्याबरोबर प्लास्टिक खाडीत जातं. माती काठावर ओता, धड गोणी धुऊन सावलीत वाळवा आणि माळ्यावर ठेवा.