वारीच्या जुन्या राहुटीचा कुबट वास घालवताना

आमच्या घरच्या माळ्यावर आजोबांची राहुटी अकरा वर्षे एका प्लॅस्टिकच्या पोत्यात पडून होती. आजोबा सोलापूरच्या पूर्व भागात मागावर काम करीत आणि आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला जात. तेव्हा ही दहा बाय दहा फुटांची, जाड सुती कॅनव्हासची राहुटी चंद्रभागेच्या वाळवंटात उभी राहत असे. तिच्या एका कनातीवर दिंडीचे नाव तेलरंगाने लिहिलेले आहे आणि दारापाशी, चुलीच्या ठिणगीने पडलेल्या भोकावर, आजीने जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा लावून घातलेले ठिगळ आहे. शेवटच्या वारीत ती पावसात भिजली आणि तशीच घडी घालून पोत्यात गेली. गेल्या माघात पोते उघडले तेव्हा घरभर जो वास पसरला, त्याने घरातल्या निम्म्या माणसांचे मत राहुटी टाकून द्यावी असे झाले. ती टाकली नाही. आज ती कोरडी, स्वच्छ आणि उभी राहण्याजोगी आहे. ज्यांच्या घरी अशी एखादी राहुटी किंवा तंबू आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून केलेले काम येथे क्रमाने लिहीत आहे.

वास कोठून येतो हे आधी समजून घ्यावे, कारण सगळे उपाय त्यावर अवलंबून आहेत. कापूस जवळजवळ पूर्णपणे सेल्युलोजचा बनलेला असतो आणि सेल्युलोज हे बुरशीचे अन्न आहे. विणण्यापूर्वी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांना खळ देतात. ही खळ म्हणजे बहुधा स्टार्च, आणि ती कापडात थोडी जरी उरली तरी बुरशीला कापसाहून अधिक प्रिय असते. त्यात माणसांच्या घामाचा ओशटपणा, सांडलेली आमटी आणि तळाची माती मिसळली, वर प्लॅस्टिकने ओल कोंडून ठेवली, की बुरशी वाढू लागते आणि वाढताना हवेत सहज उडणारी संयुगे सोडते. आपल्याला कुबट वाटतो तो वास या संयुगांचा. म्हणून अत्तर, उदबत्ती किंवा डांबरगोळ्या यांनी तो झाकण्याचा प्रयत्न करू नये. वास म्हणजे कापड खाल्ले जात असल्याची सूचना आहे आणि ती सूचना दडपली तर कापड हातचे जाईल.

वास नाकाने नीट ओळखावा. ओल्या भिंतीसारखा, मातकट वास बुरशीचा असतो. डोळ्यांना झोंबणारा, अमोनियासारखा वास असेल तर उंदीर आत राहून गेले आहेत. उलटीसारखा आंबूस वास आणि हाताला चिकटपणा लागत असेल तर तंबू सुती नसून नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा आहे आणि त्याचे आतले अस्तर विघटित होत आहे. त्याचा उपाय निराळा आहे आणि तो पुढे दिला आहे. रॉकेलचा किंवा मेणाचा खवट वास फारसा घातक नसतो, तो हवेनेच बराच उतरतो.

यानंतर कापडाची ताकद पाहावी. झाकलेल्या जागी, म्हणजे खालच्या पट्टीजवळ, कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आधी ताण्याच्या आणि मग बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या दिशेने जोर लावून ओढावे. चांगले कॅनव्हास अजिबात दाद देत नाही. ते कागदासारखे टरकन फाटले, तर बुरशीने धागाच खाल्लेला आहे आणि कोणतेही औषध तो परत आणू शकत नाही. अशा वेळी राहुटी पुन्हा उभी करण्याचा हट्ट धरू नये. नाव लिहिलेली कनात, ठिगळाचा भाग किंवा झालर स्वच्छ करून जपावी. आमच्या राहुटीची जमिनीला टेकणारी वीतभर पट्टी अशीच गेलेली होती, पण छप्पर आणि कनाती शाबूत होत्या.

सोलापुरात हे काम संक्रांतीनंतर सुरू करून उन्हाळ्याच्या आत संपवावे. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेनंतरचे दोन-अडीच महिने हवा कोरडी असते आणि ऊन अजून भाजणारे झालेले नसते. पावसाळ्यात हे काम मुळीच हाती घेऊ नये, कारण जाड शिवणी वेळेत वाळत नाहीत आणि बुरशी पुन्हा धरते.

राहुटी घरात उघडू नये. गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात, वारा आपल्या पाठीकडून येत असेल अशा बाजूला उभे राहून, तोंडाला धूळ रोखणारा मास्क आणि हातांत रबरी मोजे घालून घडी उलगडावी. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला या कामापासून लांब ठेवावे. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर त्या कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशकाच्या पाण्याने आधी भिजवून, मग कागदाने उचलाव्यात. नावे, खुणा आणि ठिगळे यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे एखादा रंग फिका झाला तर मूळ कसे होते हे कळण्यास तीच आधार होतात.

पहिले तीन-चार दिवस पाण्याचा थेंबही लावू नये. कापड दोरीवर किंवा बांबूवर, एकावर एक न येईल असे पसरून वाऱ्यावर ठेवावे, दिवसातून दोनदा उलटवावे आणि रात्री आत घ्यावे. पूर्ण कोरडे झाले की मऊ ब्रशने बुरशी झाडावी. ओली बुरशी घासली तर ती धाग्यांत आणखी खोल जाते. सकाळचे दोन तास ऊन दाखवावे, त्याने बुरशी मरते. मात्र ज्या किरणांनी बुरशी मरते तेच किरण कापसाचा धागाही कमजोर करतात, म्हणून चैत्र-वैशाखातल्या सोलापूरच्या दुपारी राहुटी दिवसभर उन्हात टाकून ठेवणे हा उपचार नसून नुकसान आहे. या चार दिवसांतच आमच्या राहुटीचा निम्म्याहून अधिक वास गेला, आणि माझ्या मते सगळ्या कामातला हाच टप्पा सर्वांत मोलाचा आहे, जरी लोक घाईने तोच वगळतात.

धुण्याचा दिवस पाण्याच्या दिवशी ठरवावा, कारण आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही आणि हे काम अर्ध्यावर सोडता येत नाही. मोठे दोन पिंप भरून ठेवावेत. शक्य तो नळाचेच पाणी वापरावे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बहुधा क्षार जास्त असतात आणि ते पुढे साबणाच्या वेळी अडचण करतात. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि चार भाग कोमट पाणी असे मिश्रण करून आधी आतल्या एका कोपऱ्यावर लावून पाहावे, आणि रंगीत ठिगळावर ओले पांढरे फडके दाबून रंग उतरतो का हे तपासावे. आजीच्या ठिगळाचा लाल रंग किंचित उतरत होता, म्हणून तो भाग मी केवळ ओल्या फडक्याने टिपला. बाकी सर्व कापडावर, विशेषतः शिवणींवर, दोन्ही बाजूंनी हे मिश्रण फवारून तासभर मुरू द्यावे, मऊ ब्रशने हलके चोळावे आणि स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढावे. उंदरांच्या मुताची जागा असेल तर तेथे पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारे एन्झाइमयुक्त द्रव वापरावे. ते डब्यावर सांगितलेला वेळ ओले राहिले तरच काम करते.

येथे दोन गोष्टी कळकळीने सांगतो. ब्लीच वापरू नये. त्याने डाग फिके होतात खरे, पण कापसाचा धागा जळतो. शिवाय ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. दुसरे, राहुटी धुलाई यंत्रात घालू नये आणि धुलाईच्या दुकानात देऊ नये. आमच्या नात्यातल्या एका घरची राहुटी अशी दिली गेली. गरम पाण्यात ती आक्रसली, शिवणी ओढल्या गेल्या आणि छप्पर कनातींना जुळेनासे झाले. डिटर्जंट पावडरही टाळावी. तिचा अंश धाग्यांत राहतो आणि तो पाण्याला बाहेर न रोखता आत खेचतो.

काळे ठिपके पूर्णपणे जात नाहीत. तो बुरशीचा रंग धाग्याच्या आत मुरलेला असतो आणि बुरशी मेल्यावरही राहतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर उन्हात ठेवल्यास ते फिके होतात, गंजाचे डागही थोडे उतरतात, परंतु रंगीत कापडावर हा प्रयोग करू नये. डाग राहिला आणि वास गेला तर काम झाले असे समजावे.

वाळवताना राहुटी दोरीवर लटकवू नये, उभी करावी. ओले कॅनव्हास फार जड होते, आपल्याच वजनाने ओघळते आणि वाकडे वाळते. मेखा ठोकून, तणावे म्हणजे मेखांना बांधायचे दोर बेताने ताणून ती वाळू द्यावी. सुती दोर भिजला की आखडतो, म्हणून तणाव्यांत थोडी ढील ठेवावी, नाहीतर पितळी आयलेट कापडातून उपटून निघतात. मधले कापड एका दिवसात वाळते, पण दुहेरी शिवणी, कोपरे आणि खांबाच्या टोकाची जाड टोपी यांना तीन दिवसही लागतात. हात लावून कोरडे वाटले तरी गालाला लावून पाहावे. गार लागले तर आत ओल आहे.

दुरुस्तीसाठी त्याच जाडीचे सुती कॅनव्हास घ्यावे आणि ते आधी दोनदा भिजवून वाळवून आक्रसू द्यावे, अन्यथा पहिल्या पावसात ठिगळ जुने कापड ओढून फाडते. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत, कडा आत दुमडाव्यात, आणि दाभणाने मेण लावलेल्या सुती दोऱ्याने दोन रांगा शिवाव्यात. सुती दोरा भिजल्यावर फुगतो आणि सुईची भोके बुजवतो. खालची कुजलेली पट्टी मी ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराकडून बदलून घेतली, कारण एवढी लांब सरळ शिवण घरच्या यंत्रावर होत नाही. आजीच्या ठिगळाला हात लावू नका असे त्याला सांगितले होते. त्याने उलट त्याच्या मागे एक पातळ अस्तर देऊन ते सावरले.

धुतल्यावर कॅनव्हासची पाणी अडवण्याची शक्ती कमी होते. बाजारात त्यासाठी सिलिकॉनचे तयार द्रव मिळते आणि घाईच्या माणसाने तेच वापरावे. मी मात्र तुरटी आणि साबणाची जुनी रीत वापरली, कारण तिच्यामागचे शास्त्र पक्के आहे. साबण म्हणजे तेलातल्या आम्लांचा क्षार. त्यावर तुरटीतले ॲल्युमिनियम आले की पाण्यात न विरघळणारा, मेणासारखा ॲल्युमिनियमचा साबण धाग्यांच्या आतच तयार होतो. एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम साधा तेलाचा साबण किसून विरघळवावा. डिटर्जंटची वडी येथे चालत नाही, आणि क्षारांच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होतो. उभ्या राहुटीच्या बाहेरच्या बाजूला हे पाणी रुंद ब्रशने लावावे, किंचित दमट राहील इतपत वाळू द्यावे, मग एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम तुरटी विरघळवून तेवढेच लावावे. पूर्ण वाळल्यावर एकदा साध्या पाण्याने हलके धुवावे, कारण उरलेली तुरटी आम्लधर्मी असते आणि कापसाला पुढे त्रास देते. व्हिनेगर नीट धुतले गेले नसेल तर साबण फाटतो, म्हणून आधीच्या धुण्यात कसर ठेवू नये. शेवटी छपरावर पेलाभर पाणी ओतून पाहावे: ते थेंबांनी ओघळले पाहिजे. या रीतीने साधा पाऊस अडतो. छपराला झोळ पडून पाणी साचले तर ते झिरपतेच, म्हणून छप्पर ताठ ठेवावे आणि आतून त्याला बोट लावू नये.

नायलॉनच्या चिकट झालेल्या तंबूविषयी थोडक्यात सांगतो. त्याच्या आतल्या बाजूचे पॉलियुरेथेनचे अस्तर ओलीने विघटित झालेले असते आणि वास त्याचाच असतो. तो धुऊन कायमचा जात नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते अस्तर खरवडून काढावे लागते आणि त्यावर नवा लेप द्यावा लागतो. कष्ट पुष्कळ आहेत, परंतु त्या तंबूत मुलांच्या सुट्ट्या गेल्या असतील तर करण्यासारखे आहेत.

राहुटी ठेवताना ती कोरड्या दिवसाच्या दुपारी घडी घालावी, संध्याकाळी दव पडू लागल्यावर नव्हे. प्लॅस्टिकचे पोते कायमचे बाद करावे आणि जुन्या चादरीची सैल पिशवी शिवावी. ती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळीवर ठेवावी. मेखा आणि लोखंडी सामान वेगळ्या पिशवीत असावे. दसऱ्याच्या साफसफाईत ती दरवर्षी उघडून, अर्धा दिवस वाऱ्यावर ठेवून, निराळ्या रेषांवर घडी घालावी, म्हणजे एकाच जागी कापड झिजत नाही. पिशवीच्या तोंडाशी मी एक कापडी चिठ्ठी शिवली आहे. तिच्यावर राहुटी धुतल्याचा महिना, तुरटी लावल्याची तारीख, बदललेली पट्टी आणि ‘लाल ठिगळ पाण्यात घालू नये’ एवढे न पुसणाऱ्या शाईने लिहिले आहे, म्हणजे पुढच्या वेळी पिशवी ज्याच्या हातांनी उघडेल त्याला पहिल्यापासून शोधत बसावे लागणार नाही.