जुनी बेस गिटार घेताना आधी नेक तपासा

वापरलेली बेस गिटार पाहताना नजर प्रथम रंगावरच्या ओरखड्यांकडे जाते. परंतु तिची खरी किंमत नेकवर, म्हणजे तारा ज्यावर ताणलेल्या असतात त्या लांब दांड्यावर, ठरते, कारण चार जाड तारांचा मिळून सुमारे ७० किलोंचा ताण तो सतत सोसत असतो. तारा नेहमीच्या सुरांत लावून सर्वांत जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) एकाच वेळी दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखाली किती फट उरते ते पाहावे. ती पाव मिलिमीटरहून थोडी अधिक असेल तर चिंता नाही. फट बरीच मोठी असेल आणि ट्रस रॉडचा (नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या धातूच्या दांडीचा) नट आधीच पूर्ण आवळलेला असेल, तर मात्र भाव कितीही उतरवला तरी ती गिटार घेऊ नये. नट फिरता असल्यास एका वेळी पाव फेराच द्यावा. नेक पिळवटलेला असेल, तर ट्रस रॉडचा सहसा उपयोग होत नाही.

सोबत जुना अँप्लिफायरही घेत असाल, तर त्याची नॉब फिरवताना होणारी खरखर बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. खरे तर भाव पाडून घेण्यास ते उत्तम निमित्त आहे. खर्चिक दोष स्पीकरमध्ये दडलेला असतो आणि हळू आवाजात तो कळत नाही, म्हणून सर्वांत जाड तार मोकळी वाजवून, जिचा सूर सुमारे ४१ हर्ट्झ असतो, आवाज हळूहळू वाढवावा आणि स्पीकर फरफरतो का ते ऐकावे. व्हॉल्व्हचा (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांवर चालणारा) अँप्लिफायर स्पीकर जोडल्याविना कधीही सुरू करू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.