३३ इंची टायर फेंडरला (मडगार्डला) घासत होते, शेवटी असं सुटलं

माझी ९४ ची टोयोटा फोर बाय फोर पिकअप, ॲरिझोनात. ३१ इंची टायर काढून ३३ इंची टाकले तर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की फेंडरला घर्रर्र. आधी टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनमध्ये पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) कसून पुढून उचलली, तर गाडी दगडासारखी कडक झाली अन् चाक धरणारा वरचा आर्म स्टॉपवर (त्याला अडवणाऱ्या रबरावर) आपटायला लागला. दोन वीकेंड पाण्यात.

मग चाकं हवेत ठेवून बारचे बोल्ट जेवढे आटे कसले तेवढेच मोजून सैल केले, वरच्या आर्म आणि बॉल जॉइंटमध्ये (आर्म चाकाला जोडणारा गोल सांधा) दीड इंची स्पेसर म्हणजे ठोकळा, मागच्या स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा, मग चाकांची अलाइनमेंट. तरी थोडं घासतच होतं, कारण गाडी उचलून चाकाच्या वर जागा होते, वळताना चाकाच्या मागे नाही! तिथे खडूने खूण करून फेंडरची आतली कड बोटभर कापली, रंग मारला. बंद. टायर मोठे झाल्याने स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा आता खरे ६४ असतात हां.