ओढ्याची रांगोळी कशी घालावी

"वरच्यांनी ओढा अडवला, म्हणून आमच्या विहिरी आटल्या." माण तालुक्यात हे वाक्य ऐकू न आलेली ग्रामसभा मी तरी पाहिलेली नाही. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता मी या भांडणावर रांगोळी वापरायला लागले: ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या वाडीनं मिळून गावाच्या पाण्याचा नकाशा जमिनीवर काढायचा. कुणाला करून बघायची असेल तर सांगते.

जागा शाळेच्या पटांगणाची घ्या. देवळापुढची फरशी छान असते, पण तिथं पाय ठेवताना सगळ्याच आळ्यांना सारखं मोकळं वाटतं असं नाही. आदल्या दिवशी शेणानं सारवा. एका टोकाला मुरूम ओतून डोंगर करा, उतार गावासारखाच ठेवा. ओढा निळीचा, रस्ते विटेच्या भुकटीचे, शेतं हळदीची. विहिरीला चिंचोका, बोअरला बांगडीचा तुकडा, आटलेल्या विहिरीवर कोळसा. रंग विकत आणू नका. विकत म्हटलं की वर्गणी आली आणि वर्गणीच्या हिशेबावरून नवं भांडण!

सुरुवात बायकांना करू द्या. पाणी त्या भरतात, कोणती विहीर कधी तळ दाखवते हे त्यांना तोंडपाठ असतं. पुरुषमंडळी आधी कडेला उभी राहतात, मग "अगं, ओढा तिथं वळत नाही" म्हणत रेघ पुसायला वाकतात. वाकू द्या. सरपंचांना बोलवाच, भाषण मात्र नको.

खरं काम पुढं आहे. वरच्या वाडीनं खालच्या विहिरी मांडायच्या, खालच्यांनी वरची शेतं. चुकणारच, आणि चूक दाखवायला ज्याच्याशी बोलणं बंद आहे तोच माणूस लागतो. इथं घाई करू नका. बोअरची पाळी आली की बघा: स्वतःचा तुकडा जो तो विसरतो, दुसऱ्याचे मोजून सांगतो. सगळे पडेपर्यंत थांबा. ओढ्याच्या दोन्ही काठांना काचा चमकायला लागल्या की "अडवलं कुणी" याऐवजी "उपसतंय कोण" अशी कुजबुज सुरू होते.

मग नकाशा कागदावर उतरवून घ्या, वर्गाच्या गच्चीवरून फोटो काढा आणि पोरांच्या हाती झारी द्या. डोंगरावर एकदा नुसतं पाणी सोडायचं, एकदा उताराला आडवे चर ओढून, म्हणजे पाणी कधी पळतं आणि कधी अडतं ते दिसतं. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, हे गणित तेव्हाच सांगा.

हे सगळं १ मेच्या ग्रामसभेच्या एक आठवडा आधी करा. कागदावर दोन्ही वाड्यांच्या सह्या घ्या आणि तोच कागद सभेत मांडा.